तुमची परजीवी माशी आणखी कुणाकुणाला डसते? होस्ट टेस्ट पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात शिरोळकडं एका मामांच्या सुरू हंगामाच्या उसात पोंगे उपसत बसलो होतो, सोबत बरणी, चिमटा, वही. मामा बांधावरून बराच वेळ बघत होते, शेवटी राहवलं नाही. "काय रं पोरा, किडं गोळा करून माश्या पाळतोयस म्हणं?" मग मी सगळं सांगितलं, की मामा ही बारकी माशी खोडकिडीच्या अळीत अंडी घालते, तिची पिल्लं अळीला आतून खातात, फवारणी वाचते वगैरे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बांधापलीकडच्या तुतीच्या प्लॉटकडं हात केला. "ते समदं बरं हाय, पर ती माज्या रेशमाच्या अळीला डसंल का न्हाई ते सांग आदी."

आता मामांनी एका वाक्यात जे विचारलं त्यालाच पुस्तकात होस्ट स्पेसिफिसिटी टेस्टिंग म्हणतात. होस्ट म्हणजे परजीवी ज्या किड्यावर वाढतो तो किडा. मित्रकीटक सोडायच्या आधी तो आपल्याला नको असलेल्या किडीवरच जातो की वाटेत दिसेल त्या अळीवर जातो हे तपासणं. एमएस्सीला झूऑलॉजी किंवा ॲग्रीची एंटोमॉलॉजी घेतलेल्या पोरापोरींना हा प्रोजेक्ट बऱ्याचदा गळ्यात पडतो आणि पहिले दोन महिने नुसते चुका करण्यात जातात, माझे तर चार गेले. म्हणून हे लिहितोय. उदाहरण म्हणून कोटेशिया फ्लेविपिस घेतलीय कारण ती आपल्याच उसात सापडते, परवानगीचा घोळ नाही, आणि टेस्टमधल्या सगळ्या गमतीजमती ती एकटी दाखवते. आणि हो, मी तिला सगळीकडं माशीच म्हणणार आहे. खरं तर ती गांधीलमाशीच्या घराण्यातली, आकार जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, माणसाला डसत नाही.

आधी डोक्यात तीन प्रश्न वेगळे करा

नवीन माणूस विचारतो, "ही माशी या अळीवर चालते का?" हा एक प्रश्न वाटतो पण आत तीन आहेत. पहिला, शेतात तिला ती अळी सापडते का. दुसरा, सापडली तर डसते का, म्हणजे अंडी घालते का. तिसरा, घातलेली अंडी आत जगून पुढची पिढी बाहेर येते का.

तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. आफ्रिकेचं उदाहरण यासाठी लई भारी आहे. कोटेशिया फ्लेविपिस १९९३ ला केनियात सोडली, मक्या-ज्वारीवरच्या कायलो पार्टेलस या खोडकिडीसाठी. ही कीड आशियातून तिकडं गेलेली, माशी पण आशियातली, त्यामुळं जोडी जमली. पण तिथं बुसिओला फुस्का नावाची त्यांची स्वतःची पण एक खोडकीड आहे. माशी तिच्यावर पण बसते, डसते, अंडी घालते, आणि आत त्या अळीच्या रक्तातल्या पेशी अंड्यांना वेढा घालून मारून टाकतात. म्हणजे डसली तर हो, पिल्लं मात्र शून्य. नुसतं "डसली" एवढं लिहून ठेवलं असतं तर उत्तर चुकलं असतं, आणि "कोकून (म्हणजे माशीच्या पिल्लांचे कोष) आले नाहीत" एवढंच लिहिलं तरी अर्धवटच, कारण डसलेली अळी पुढं जगली की मेली ते कळत नाही. पिल्लं न होता अळी मेली तर तेही नुकसानच आहे, त्या अळीच्या बाजूनं बघितलं तर.

लॅबमध्ये कोंडून घातल्यावर माशी जेवढ्यांवर वाढू शकते ती यादी मोठी असते, तिला फिजिऑलॉजिकल होस्ट रेंज म्हणतात. शेतात प्रत्यक्ष जेवढ्यांवर जाते ती यादी बहुतेक वेळा छोटी, ती इकॉलॉजिकल. तुमचं सगळं काम पहिल्या यादीपासून दुसरीच्या जवळ जाण्याचं आहे.

हे करायचं कशाला, आपल्याकडं तर सर्रास सोडतात

ट्रायकोकार्ड सगळ्यांनी बघितलंय, पानाला टाचलेलं. ट्रायकोग्रामा अंड्यांवरची माशी आहे आणि ती फारशी चोखंदळ नाही, आपण तिला कॉर्सायराच्या म्हणजे धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवतो आणि उसात दुसऱ्याच पतंगाच्या अंड्यांवर सोडतो, यातच काय ते आलं. ती इथलीच आहे म्हणून चालून जातं. पण बाहेरच्या देशातून आणलेला किडा एकदा सोडला की परत बाटलीत भरता येत नाही.

अमेरिकेत १९०६ ला जिप्सी मॉथसाठी कॉम्प्सिल्युरा नावाची परजीवी माशी आणली, ही खरीखुरी माशी, गांधील नव्हे. तिनं पुढं दीडशेच्या वर जातींच्या अळ्या होस्ट म्हणून पकडल्या आणि तिकडच्या मोठ्या रेशीम-पतंगांची वाट लागली त्यात तिचा मोठा हात धरतात. आपल्या कोटेशियाचीच एक बहीण, कोटेशिया ग्लोमेराटा, १८८० च्या दशकात तिकडं कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरासाठी नेली होती, ती तिथल्या मूळच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीवर पण जायला लागली. तेव्हा टेस्ट करायची पद्धतच नव्हती, कीड मरते ना मग सोडा.

आणि उलटी बाजू पण आहे बरं का. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ ला कोइमतूरला सापडला, दोन वर्षांत पपई, तुती, टॅपिओका सगळीकडं, आणि २०१० मध्ये पोर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपये ही बारीक माशी बंगळुरूला आणून, क्वारंटाइनमध्ये तपासून सोडली तेव्हा तो आटोक्यात आला. ती माशी त्या एका पिठ्यावरच टिकून आहे म्हणून बिनधास्त सोडता आली. म्हणजे टेस्टचा उपयोग नुसता "नको" म्हणायला नसतो.

परवानगीचं इथंच सांगून टाकतो. परदेशी मित्रकीटक कुणाच्या बॅगेतून, कुरिअरनं, कसाही आणायचा नाही. प्लँट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ खाली रीतसर परमिट लागतं आणि तपासणी बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोच्या क्वारंटाइनमध्ये होते. कॉलेजच्या लॅबमध्ये इथल्या मातीतल्याच जाती घ्या, पद्धत शिकायला त्या पुरेशा आहेत.

पायरी १: आपल्या हातात नक्की कोण आहे

सुरू उसात मार्च ते मे खोडकीड जोरात असते. पोंगा वाळलेला दिसला की धरून ओढा. सहज उपसून आला आणि बुडाला घाण वास आला तर खोडकीड. ओढून येत नसेल तर बहुतेक शेंडेकीड, सोडून द्या. मग कोंब बुडापासून चिरा. आतल्या अळीच्या पाठीवर पाच जांभळट रेषा असल्या की ती खोडकीड, कायलो इन्फुस्काटेलस. चार रेषा असतील तर कांडीकीड, ती जास्त करून पावसाळ्यानंतर कांड्या सुटल्यावर. रेषाच नाहीत आणि रंग गुलाबी तर गुलाबी खोडकीड, सिसॅमिया. पहिल्या आठवड्यात मी चार आणि पाच मोजण्यात इतका गोंधळ घातला की अर्ध्या बरण्यांवर प्रश्नचिन्ह होतं. भिंग घेऊन जा शेतात, लाज वाटायचं कारण नाही.

काही बोगद्यात अळीऐवजी पांढऱ्या कोकूनांचा पुंजका सापडेल, भिजवलेला साबुदाणा एकमेकाला चिकटावा तसा, शेजारी अळीचं वाळलेलं कातडं. हीच आपली कोटेशिया. पुंजका अलगद काढून टेस्ट ट्यूबमध्ये ठेवा, तोंडाला कापसाचा बोळा. आणि मग थांबा, जे बाहेर येईल ते सगळं कोटेशियाच असेल असं धरू नका. या परजीवीवर पण परजीवी असतात, हायपरपॅरासिटॉइड, आणि एकदा ते कल्चरमध्ये घुसले की तुमची वसाहत आतून पोखरली जाते. म्हणून शेतातून आणलेली पहिली पिढी वेगळ्या खोलीत नाहीतर निदान वेगळ्या कपाटात ठेवायची, एकेक माशी भिंगाखाली बघून मगच पुढं घ्यायची.

ओळख पक्की करायला काही माश्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून तज्ज्ञाकडं पाठवा, जमलं तर डीएनए बारकोडिंग करून घ्या. ही हौस नाही. फ्लेविपिस, सिसॅमी, चायलोनिस आणि नोनॅग्री अशा चार जाती दिसायला जवळजवळ सारख्या आहेत, ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं जिला फ्लेविपिस म्हणत होते ती नोनॅग्री निघाली. जातच चुकली तर टेस्टचे आकडे कुणाच्या नावावर टाकणार? लेबल पेन्सिलनं लिहा, जेल पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून कोरा कागद हातात येतो.

पायरी २: अळ्या आणि माश्या पाळणं

इथं खरा वेळ जातो आणि रिपोर्टमध्ये याला दोन ओळी मिळतात.

टेस्टच्या दिवशी सगळ्या अळ्या एकाच वयाच्या हव्यात, कोटेशियासाठी तिसऱ्या-चौथ्या अवस्थेच्या, म्हणजे दोन-तीनदा कात टाकलेल्या. म्हणजे अंड्यापासून वाढवणं आलं. खायला कोवळ्या उसाचे तुकडे किंवा मक्याचं कोवळं खोड, दोन-तीन दिवसांनी बदलायचं, नाहीतर बुरशी धरते, जून-जुलैच्या पावसात तर एका रात्रीत. खोली २५ ते २७ अंश, आर्द्रता ६०-७० टक्के. लाईट गेली की इन्क्युबेटर गरम होतो की गार पडतो हे आधी सुट्टीच्या दिवशी बघून ठेवा.

मक्याचं खोड कुठून आणता हे लई महत्त्वाचं. आमच्याकडं एकदा एका ओळखीच्या प्लॉटमधून आणलेल्या खोडांवर अळ्या पटापटा मरायला लागल्या, माशी डसलेल्या पण आणि न डसलेल्या पण. दोन दिवस आम्ही खुशीत, काय जबरदस्त माशी आहे म्हणून. मग कंट्रोलच्या ट्यूब मोजल्या, २० पैकी १२ मेलेल्या, ज्यांनी माशीचं तोंड पण बघितलं नव्हतं. मालकाला फोन केला तर म्हणाले, "व्हय की, मागल्या आठवड्यात औषध सोडलंय पोंग्यात." तेव्हापासून कुंडीत स्वतः मका लावतो, टेरेसवर.

माश्या कोकूनमधून सकाळी सकाळी बाहेर येतात. नर-मादी ओळखायची सोपी खूण म्हणजे मिश्या, नराच्या लांब, मादीच्या आखूड. दोन्ही एकत्र ठेवून उजेडात एक दिवस मीलन होऊ द्या, खायला मधाचा बारीक थेंब ट्यूबच्या आतल्या बाजूला सुईनं ओढायचा. थेंब मोठा झाला की माशी त्यातच चिकटून मरते. टेस्टला घ्यायची मादी २४ तासांच्या आसपासची, मीलन झालेली, खाल्लेली, आणि आधी एकही अळी न बघितलेली. मीलन न झालेली मादी पण अंडी घालते, फक्त त्यातून सगळे नरच निघतात, म्हणून पुढच्या पिढीत सगळे नरच दिसले तर लगेच "या होस्टवर माद्या होत नाहीत" असं लिहू नका, आधी मीलन झालं होतं का ते बघा. आयुष्य तीन-चार दिवसांचं असतं, त्यामुळं माश्या निघायचा दिवस आणि अळ्या तयार व्हायचा दिवस जुळवणं ही सर्कस आहे. कॅलेंडरवर उलटं मोजत जा. डसल्यापासून कोकून यायला साधारण ११ ते १४ दिवस, कोकूनमधून माशी यायला आणखी ५ ते ७.

आणि खोलीत मच्छर अगरबत्ती, हिट, परफ्युम काहीच नको. सफाईला येणाऱ्या मावशींना प्रेमानं सांगून ठेवा.

पायरी ३: कुणाकुणावर तपासायचं

जगातल्या सगळ्या अळ्यांवर तपासता येणार नाही, यादी डोकं लावून करायची. टार्गेट किडीपासून सुरू करून नात्यानं लांब लांब जायचं, ही कल्पना वॅप्शीयर यांनी १९७४ ला तणांवरच्या किड्यांसाठी मांडली होती, नंतर परजीवींसाठी थोडी बदलून घेतली. आपल्या खोडकिडीसाठी मी अशी धरली. जवळचे नातेवाईक, म्हणजे कांडीकीड आणि ज्वारीवरची खोडकीड, दोन्ही कायलोच. मग नातं लांबचं पण राहायची जागा तीच, म्हणजे गुलाबी खोडकीड, ती पण खोडातच बोगदा करते, आणि मक्याच्या पोंग्यातली अमेरिकन लष्करी अळी, जी आपल्याकडं २०१८ पासून आहे. आणि तिसरा गट नात्याचा ना जागेचा, पण ज्यांना काही झालं तर माणसं आपल्याला धरतील असा. मामांची रेशमाची अळी यात आली.

फुलपाखरं पण याच गटात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ पासून, राधानगरी-पन्हाळा भागात भरपूर. पण त्याच्या अळ्या जंगलातून आणून टेस्टमध्ये मारायच्या का? माझं मत, नाही. त्याच घराण्यातलं लिंबावरचं साधं फुलपाखरू घ्या, त्याच्या अळ्या कुठल्याही परसातल्या लिंबाच्या, कढीपत्त्याच्या झाडावर मिळतात, अंगणातल्या काकू तर खुशीनं देतात. दुर्मिळ जातीच्या जागी जवळची मुबलक जात घेणं सर्रास चालतं, फक्त रिपोर्टमध्ये तसं लिहा.

सहा ते आठ जाती पुरेत. पंचवीस जातींची यादी करून प्रत्येकी चार अळ्या तपासण्यापेक्षा सहा जाती नीट केलेल्या कधीही बऱ्या.

पायरी ४: पर्याय न देता टेस्ट

पहिली टेस्ट नो-चॉइस. एक मादी, एक अळी, दुसरा पर्याय नाही. कोटेशियाची एक सोय आहे, हातात धरून डसवता येते. ट्यूबमध्ये मादी ठेवायची, मऊ चिमट्यात अळी धरून तिच्याजवळ न्यायची, अळीच्या अंगाला तिच्याच विष्ठेचा भुसा थोडा चोळलेला असावा कारण माशी त्या वासावर येते. मादी आधी मिश्यांनी टपटप करते, बरं वाटलं तर पोट पुढं वाकवून डसते, पाच-सहा सेकंद हलत नाही, मग सोडते. हे पहिल्यांदा बघाल तेव्हा श्वास रोखून बघाल, खरंच. तेवढ्या सेकंदात अंड्यांसोबत ती एक विषाणू पण सोडते, स्वतःच्याच जनुकांमध्ये सांभाळलेला, जो अळीची प्रतिकारशक्ती झोपवतो. हा विषाणू ज्या अळीवर चालत नाही तिथं अंडी मरतात.

घड्याळ लावून पाच मिनिटं द्या. डसली की नाही, किती सेकंदांनी, किती वेळा, तिथल्या तिथं लिहा, नंतर आठवून काही लिहायचं नाही.

आता यातली मेख. हातानं डसवणं म्हणजे माशीची सगळी मेहनत आपण करून देणं. शेतात तिला आधी ऊस शोधावा लागतो, मग त्यात कुरतडलेली जागा, मग बोगद्यात आत चालत जावं लागतं आणि बऱ्याच माद्या तिथंच अळीच्या चाव्यानं मरतात. त्यामुळं हातानं डसवल्यावर "हो" आलं तर शेतात "हो" असं होत नाही. पण हातानं डसवून पण "नाही" आलं, आणि मादी तंदुरुस्त होती, तर ते उत्तर वजनदार.

मादी तंदुरुस्त होती हे कसं कळणार? लगेच नंतर त्याच मादीला खरी खोडकीड द्या. तिच्यावर पण डसली नाही तर ती मादीच आजारी, म्हातारी किंवा रुसलेली आहे, तो रेप्लिकेट, म्हणजे टेस्टची ती एक फेरी, बाद. हे न केल्यामुळं किती प्रोजेक्टमध्ये "सुरक्षित" असा शिक्का बसला असेल कुणास ठाऊक.

म्हणजे प्रत्येक नॉन-टार्गेट जातीसोबत तीन ओळी चालवायच्या: माशी दिलेल्या अळ्या, माशी न दिलेल्या त्याच जातीच्या अळ्या, आणि त्याच दिवशी त्याच बॅचच्या माश्या दिलेली खोडकीड. कंट्रोलमधल्या अळ्यांना पण चिमट्यात तेवढाच वेळ धरा. धरल्यामुळं पण काही मरतात.

पायरी ५: आत काय झालं ते बघणं

डसलेल्या अळ्यांचे दोन भाग करा. अर्ध्या वाढू द्यायच्या, अर्ध्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोडायच्या. फोडायला ०.७५ टक्के मिठाचं पाणी, दोन बारीक सुया, खाली मेणाची थाळी, वर स्टिरिओ मायक्रोस्कोप. अळी बाजूनं चिरून आतडं सरकवायचं आणि चरबीच्या ढगांमध्ये शोधायचं.

खोडकिडीत अंडी फुगलेली, काचेसारखी पारदर्शक, किंवा नुकती फुटून बारीक पिल्लं तरंगताना दिसतात. मी पहिल्यांदा लष्करी अळी फोडली तेव्हा मला काहीच दिसेना. डसताना तर मी स्वतः बघितलेलं, वहीत सहा सेकंद लिहिलेले. अर्धा तास शोधल्यावर शेवटच्या भागात खसखशीपेक्षा बारीक काळपट दाणे दिसले, एकमेकाला चिकटलेले, सुईनं दाबले तर चिवट. अळीच्या पेशींनी अंड्यांवर थर चढवून काळं केलेलं. एन्कॅप्सुलेशन पुस्तकात शंभरदा वाचलेलं, पण ते दाणे बघितल्यावर डोक्यात बसलं. एका अळीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, तरी त्या दिवशी चहा मी पाजला सगळ्यांना.

वाढू दिलेल्या अळ्यांचं रोज एकदा बघून लिहा: जिवंत, मेली, कोष केला, कोकून आले. मेलेली अळी फेकू नका, ती पण फोडा. कोकून आले तर किती, त्यातून माश्या किती, नर किती, मादी किती. एखाद्या होस्टवर माश्या निघाल्या पण निम्म्या आकाराच्या, बहुतेक नर, असंही होतं, म्हणजे तो होस्ट चालतो पण ओढूनताणून. त्या माश्यांना परत त्याच होस्टवर देऊन दुसरी पिढी होते का बघा. दुसरी पिढी झालीच नाही तर शेतात तिथं कायमचा संसार थाटणं अवघड.

पायरी ६: पर्याय देऊन, आणि खोडासकट

ज्या जातींवर नो-चॉइसमध्ये काहीच झालं नाही त्यांना इथं आणायची गरज नाही, वेळ वाचवा. ज्यांच्यावर झालं त्यांनाच पुढं घ्यायचं.

पिंजरा मोठा लागतो, मच्छरदाणीच्या जाळीचा, लाकडी पट्ट्या ठोकून तीन फुटी केला तरी चालतो. आत कुंडीतली झाडं, अळी खोडात आधी दोन दिवस सोडून ठेवलेली म्हणजे तिनं बोगदा केलेला, भुसा बाहेर आलेला. एका बाजूला उसात खोडकीड, दुसऱ्या बाजूला मक्यात किंवा लिंबाच्या फांदीवर दुसरी जात. माश्या मधोमध सोडा, दिवसभर ठेवा. झाडांची जागा प्रत्येक वेळी बदला, नाहीतर सगळ्या माश्या खिडकीच्या उजेडाकडं जातात आणि आपण म्हणतो उसाची आवड आहे. हे माझ्याकडून झालंय.

कुरतडलेलं झाड स्वतःच एक वास सोडतं आणि परजीवी माश्या तो वास ओळखून येतात. ट्यूबमध्ये हा भाग पूर्ण गायब असतो. तुतीच्या पानावरची रेशमाची अळी आणि उसाच्या बोगद्यातली खोडकीड यात माशीच्या दृष्टीनं किती अंतर आहे ते या पिंजऱ्यातच कळतं.

पण फक्त चॉइस टेस्ट करून थांबू नका. शेजारी आवडतं जेवण असलं की दुसऱ्याकडं कोण बघतं? ऊस तुटून गेला, खोडकीड संपली आणि माशी उपाशी राहिली की ती काय करते हे नो-चॉइसच सांगते. एक आठवण ठेवा, हीच माशी १९७४ ला ब्राझीलमध्ये नेली ती उसाच्या डायट्रिया अळीसाठी, जी कायलो नाहीच, वेगळी प्रजाती (जीनस), माशीच्या पूर्वजांनी कधी बघितलेली नाही. तरी जमलं आणि तिथं आज मोठ्या प्रमाणावर सोडतात. म्हणजे नवीन होस्ट ती उचलू शकते, उसाच्या खोडात सापडला तर.

पायरी ७: आकडे

रेप्लिकेट म्हणजे मादी, अळी नव्हे. एका मादीला पाच अळ्या दिल्या तर तो एकच रेप्लिकेट. पाच लिहिलेत तर व्हायव्हाला पकडतील, पकडायलाच पाहिजे.

कंट्रोलमध्ये थोड्या अळ्या मेल्या तर ॲबटचं सूत्र वापरा, १९२५ चं आहे पण अजून चालतं. माशी दिलेल्यांत ५० टक्के मेल्या, कंट्रोलमध्ये २० टक्के, तर ५० वजा २०, भागिले १०० वजा २०, म्हणजे माशीमुळं ३७.५ टक्के. कंट्रोलमध्येच खूप मेल्या, आमच्या मक्यासारखं, तर सूत्र लावत बसू नका, पूर्ण टेस्ट परत करा. जोड्या तुलना करायला फिशरची एक्झॅक्ट टेस्ट बास, आकडे कमी असताना तीच बरी.

शून्याबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण "सुरक्षित" हा शब्द शून्यावर उभा असतो. २० माद्या दिल्या, एकीनंही डसलं नाही. म्हणजे धोका शून्य? नाही. ज्या जातीवर खरोखर १४ टक्के माद्या डसतात तिथंही २० मध्ये शून्य येण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरतेच. सोपा हिशोब असा, ३ ला मादींच्या संख्येनं भागा, तेवढी वरची मर्यादा धरा. २० ला १५ टक्के, ६० ला ५ टक्के, ३०० ला १ टक्का. म्हणून टार्गेटच्या लांबच्या जातींना २० चालतील, पण ज्याच्यावर कुणाचं पोट आहे अशा जातीला ६० च्या खाली जाऊ नका.

नंतर शेतात पण बघायचं असतं, त्याच भागातल्या नॉन-टार्गेट अळ्या गोळा करून, लॅबमध्ये वाढवून, त्यातून आपली माशी निघते का ते. कोटेशिया इथलीच असल्यामुळं हे उलट आधीच करता येतं: उसाच्या बांधावरच्या गवतातल्या, मक्यातल्या, तुतीवरच्या अळ्या गोळा करा, आणि काय निघतं ते नोंदवत जा. एका हंगामात पाच-सहाशे अळ्या आरामात होतात, दर रविवारी गेलं तर. आम्ही बॅग भरून वाडं पण आणतो परत येताना, लॅबशेजारच्या म्हशीला.

मामांकडं मी परत गेलो तेव्हा ६० चा हिशोब सांगितला. चौथ्या अवस्थेतल्या ६० अळ्या माशीला, ६० कंट्रोलला, कोष होईपर्यंत सांभाळणार, कोषांचं वजन करून दाखवणार. मामांनी ट्रेकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हंजे सव्वाशे किडं तुज्या माशीच्या परीक्षंला?" मी म्हटलं व्हय मामा. "घिऊन जा. पर पाला तूच तोडायचास, आनि सकाळी सा वाजता, ऊन व्हायच्या आत." मंगळवारपासून पहाटेची पहिली एसटी धरतोय.